मागच्या चाकात हवा किती ठेवावी

मु. तामसी
गणपती उठायच्या आधीचा सोमवार

श्री. उद्धवराव यांस तामसीहून फकिराचा रामराम.

तुमची कंबर आता कशी आहे? दोन वर्षांमागच्या पेरणीला खताची पोती उचलताना धरली होती, ती सुटली की नाही हे मला कळलेलं नाही, कारण कळवणारी राहिली नाही. गयाबाईंच्या दाढेचं काय झालं तेही ठाऊक नाही. काढली असेल तर उत्तम, नसेल तर काढू नये (माझी काढल्यावर शेजारची हलायला लागली, तिला काढल्यावर तिच्या शेजारची. आता मी दातांच्या बाबतीत कोणालाच त्रास देत नाही). इकडे सर्व कुशल आहे. सर्व म्हणजे आता मीच असल्यामुळे मोजायला वेळ लागत नाही. डावा गुडघा, रक्तदाब आणि पहाटेची झोप एवढं सोडलं तर कुशल.

आपण एवढ्या वर्षांचे साडू, पण पत्र हे पहिलंच, म्हणून चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं. माझी शाळा सातवीपर्यंत, त्यातली शेवटची दोन वर्षं तेलुगू मास्तरांनी शिकवली आणि त्यांचं मला व माझं त्यांना काही कळलं नाही. फोन का केला नाही असं तुम्ही म्हणाल. फोन हा बहिणीबहिणींचा होता. जयवंता आणि गयाबाई तासभर बोलायच्या, आणि शेवटी फोन माझ्या कानाला लागायचा. मी विचारायचो, पाणी कसं आहे? तुम्ही म्हणायचे, बरं आहे. तुम्ही विचारायचे, कापूस कसा आहे? मी म्हणायचो, बरा आहे. आपलं सगळं बोलणं त्या दोघींच्या बोलण्याच्या शेपटाला बांधलेलं होतं. ती गेल्यापासून मी काही वेळा तुमचा नंबर काढला, पण पाण्याचं विचारून झाल्यावर पुढे काय, हे ठरेना म्हणून परत ठेवून दिला. पत्राचं तसं नाही. समोरचा गप्प आहे हे धरूनच पत्र लिहायचं असतं.

आता मुद्दा. पितृपक्षात नवमी येते. सवाष्ण गेलेल्या बाईच्या नावानं त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालायचं, हे मी तुम्हाला सांगायला नको. गेल्या वर्षी मी घाईघाईत गल्लीतल्या एका नव्या सुनेला बोलावलं. पोरगी चांगली आहे, पण तिनं पुरणाची पोळी बोटानं बाजूला सारली, "काका, माझं डायट चालू हाय" म्हणाली, आणि एका हातानं मोबाइल पाहत दुसऱ्या हातानं वरणभात खाऊन उठली. मी ताटाकडे पाहत बसलो. जयवंता उपाशी उठली असं मला वाटलं, आणि ते वर्षभर वाटत राहिलं. म्हणून यंदा मी ठरवलं की गयाबाईंनीच यावं. तिची सख्खी बहीण. तिच्यासारखीच पोळीवर तूप ओतून वर आणखी मागणारी. पण जयवंताची रीत तुम्हाला माहीत आहे. माझ्या आईच्या नवमीला ती सवाष्णीच्या दारात स्वतः जायची, उंबऱ्याशी हळदीचे तांदूळ ठेवायची, मगच बोलावणं खरं. निरोपावर आलेली बाई तिला चालत नसे. तेव्हा सावरगावला तुमच्या दारापर्यंत मी स्वतः यायला पाहिजे, आणि तेही पितृपक्ष लागायच्या आत. आणि तिथेच टायरचं सगळं घोडं अडलेलं आहे. तुम्ही ऐन उमेदीत जीप चालवलेले माणूस. हवापाण्यातलं, म्हणजे टायरच्या हवेतलं, तुम्हाला कळतं. म्हणून तुम्हाला विचारतो.

तुम्ही म्हणाल, बसनं यावं. बसनं यायचं तर आधी आदिलाबाद, तिथे गाडी बदलून उलट इकडेच यायचं, फाट्यावर उतरायचं आणि पुढे तुमच्या गावापर्यंत चालायचं. गुडघ्याला ते मंजूर नाही. शिवारातून सरळ रस्ता त्याच्या निम्मा आहे. शिवाय बसनं आलेला माणूस काहीतरी मागायला आल्यासारखा दिसतो. हातात पिशवी, धोतराला घडी, ‘बसा, पाणी घ्या’, आणि मग सगळे तोंडाकडे पाहतात. सायकलवर आलं की ‘असाच इकडून चाललो होतो’ असं म्हणता येतं.

सायकल म्हणजे आपली काळी, घंटीची नव्हे. कुलदीपनं पाठवलेली बॅटरीची सायकल, डोंगरावर चढायची. पोरानं पुण्याला असताना रविवारी घाट चढायला घेतली होती, दोन घाट चढला असेल नसेल, मग कंपनीनं त्याला जर्मनीला पाठवलं. घरमालक म्हणाला जिन्याखाली ठेवू नका, तेव्हा त्यानं ती ट्रान्सपोर्टनं माझ्याकडे लावून दिली. "बाबा, तुम्ही वापरा, जरा बाहेर पडाल." (तो माझं वय विसरला की त्याला ते आठवलं, यातलं काय खरं ते मला अजून कळलेलं नाही.) खोक्यातून काढली तेव्हा अर्धी गल्ली जमली. टायर एवढे रुंद आणि त्यांवर बोराएवढ्या गाठीच गाठी. शेजारच्या तुळजाबाईनं तिच्याभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "काऊन गा फकिराभाऊ, हे दूध किती देते?" तेव्हापासून पोरंसोरं तिला म्हैस म्हणतात. सायकलीला, तुळजाबाईला नाही.

तिचं चालणं मात्र वेगळंच आहे. पायडल अर्धं मारलं की कोणीतरी पाठीवर हात ठेवून हळूच ढकलल्यासारखं वाटतं. पहिल्या दिवशी शाळेपर्यंत गेलो तर वाटेत मी दोनदा मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून. कोणी नव्हतं. मग सवय झाली. आता मी संध्याकाळी कामाशिवायही दोन चकरा मारतो.

पहिली चूक अशी झाली की त्याच गाठींच्या टायरवर मी शिवाराच्या वाटेला लागलो. आदल्या दिवशी पाऊस झालेला. कुलदीप फोनवर सांगत होता की गाठी असतात त्या चिखलात पकड बसावी म्हणून. त्याचं बरोबर असेल, पण ज्यानं तो टायर केला त्यानं आपली काळी माती पाहिलेली नाही. आपल्या मातीला पकडावं लागत नाही, तीच पकडते. बैलगाडीच्या चाकाची लोखंडी धाव गुळगुळीत काऊन असते, हे त्या दिवशी मला कळलं. नाल्याच्या पुढे शंभर पावलं गेलो नसेन, तर प्रत्येक गाठीमध्ये ढेकूळ, त्यावर गवत, त्यावर आणखी ढेकूळ, असं होत होत चाक गाडीच्या चाकाएवढं झालं आणि त्याला धरणाऱ्या चिमट्यात अडकून बसलं. मोटर बिचारी ढकलत होती, चाक फिरत नव्हतं, आणि मी मध्येच, दोन्ही पाय चिखलात. सायकल मुळात पंचवीस किलोची, वर मातीचे आणखी पाच-सहा. काडीनं कोरत कोरत घरी आणली. तुळजाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. म्हणाली, "म्हशीले डोबीत लोळवून आणलं वाटते." जयवंता असती तर तिनं आधी हसून घेतलं असतं आणि मग पाणी तापवलं असतं. मी आधी पाणी तापवलं, आणि हसायचं राहूनच गेलं.

म्हणून नवे टायर बघायला आदिलाबादला गेलो. मापाला चूक नको म्हणून मागचा टायर उतरवून सोबत नेला. हाताला जड म्हणून गळ्यात घातला. आमच्या गाडीत आता बायकांना तिकीट नाही, त्यामुळे सगळ्या बायका कुठे ना कुठे निघालेल्या असतात आणि आम्ही दोन-चार म्हातारे पैसे देऊन उभे राहतो. गळ्यात टायर पाहून एकीनं विचारलं, "मामा, सत्कार कोन केला?" गाडी हसली. मीही हसलो. मग तिनंच सरकून जागा दिली, टायर मांडीवर घेऊ लागली, आणि चौकशी सुरू झाली. गाव कोणतं, शेत किती, पोरगा काय करते. घरी कोण असते? मी म्हणालो, आहेत सगळे. (हे का म्हणालो ते सांगता येत नाही. गाडीत खूप गर्दी होती आणि सगळ्या बायका ऐकत होत्या.) मग तिनं विचारलं, सगळे म्हणजे कोन कोन? तेव्हा माझा थांबा आला. खरं म्हणजे माझा थांबा त्याच्या पुढचा होता.

दुकानदार तेलुगू, पण हिंदी बोलतो. मला म्हणाला, "ऑन-रोड होना कि ऑफ-रोड?" मी त्याला समजावलं की आमच्या इकडे हे दोन रस्ते वेगळे नसतात. तामसीपासून निम्मी वाट डांबर आहे, मग पूल आहे, पुलावर डांबर गेलेलं आहे, मग काळी माती, मग मुरूम, आणि सावरगावात शिरताना सिमेंट आहे. साडूच्या घरासमोर तर फरशा आहेत. (तुमच्या दारासमोरच्या फरशा जयवंताला फार आवडल्या होत्या. आपणही बसवू म्हणाली होती.) त्यानं तीन टायर समोर टाकले. एक साफ गुळगुळीत, डांबरावर सुळकन जाणारा, पण चिखलात साबणावर चढल्यासारखा. दुसरा जुन्यासारखा गाठींचा, त्याला मी हातही लावला नाही. तिसरा मध्ये सपाट आणि फक्त कडेला बुटक्या गाठी, मधल्या चिरा उथळ, माती आत ठरणार नाही असा. हा मला समजूतदार वाटला. दोन्ही चाकांना तोच घेतला. दुकानदार म्हणत होता, मागे असा आणि पुढे थोडा गाठींचा लावा, पुढचं चाक वळतं, त्याला पकड लागते. मागचं ओढतं, ते हलकं फिरलं पाहिजे. हे बरोबर आहे का, तुम्ही सांगावं. मला पुढचं एक आणि मागचं एक असं बघवेना. जोडी सारखी असावी.

टायर चढवायला आपला लखन, पंक्चरवाला. ट्रॅक्टरचे टायर तो एका हातानं उलटे करतो, पण ह्याची ट्यूब पाहून तो खालीच बसला. हवा भरायचं नळीचं तोंड पेन्सिलीच्या टोकाएवढं बारीक, आणि टोकाला इवलीशी पिन. "मामा, हे आपल्याकडचं नाई. याच्यात हवा भरत नसतेत, सुई देतेत." मी कुलदीपला फोन लावला. त्यानं सांगितलं की सोबत एक पितळी टोपी आली होती, ती टोकावर फिरवून बसवा, मग साध्या पंपानं हवा भरते. ती टोपी मला खोक्यात सापडली होती. पितळेची, सुबक, म्हणून मी तिला देवघरात ठेवलं होतं आणि इतके दिवस रोज हळदकुंकू लावत होतो. लखननं कुंकू पुसलं, बसवली, आणि हवा भरली गेली. मी घरी येऊन देवांची माफी मागितली (टोपीबद्दल मागावी की टोपी काढून घेतल्याबद्दल, हे न ठरल्यामुळे नुसतेच हात जोडले).

आता हवा किती पौंड, हा प्रश्न. टायरच्या कडेला कमीत कमी पंचवीस, जास्तीत जास्त पासष्ट असं लिहिलेलं आहे. हे म्हणजे ‘तामसी आणि हैदराबादच्या मध्ये कुठेतरी उतरा’ म्हटल्यासारखं झालं. लखन म्हणाला ठासून पासष्ट भरा, टनक राहील. ठासून भरली तर पुलावरच्या खड्ड्यांत माझ्या उरलेल्या दातांनी हिशेब मागितला. लखन म्हणाला मग वीस ठेवा, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला तर त्याहून कमी असते. वीसवर सायकल पोटावर चालल्यासारखी चालली आणि बॅटरी निम्म्या वाटेत संपली. कुलदीपनं सांगितलं, "बाबा, हे वजनावर असतं. तुमचं वजन सांगा." त्यानं मोबाइलवर तक्ता पाठवला. एवढं वजन असेल तर पुढे एवढी हवा, मागे दोन-तीन पौंड जास्त, बॅटरीची सायकल जड म्हणून त्याच्यावर आणखी थोडी. झालं, आता वजन करणं आलं. दवाखान्यात वजन केलं की डॉक्टर आणखी तीन गोष्टी काढतो, म्हणून मी राजकुमारशेठच्या काट्यावर गेलो.

हा राजकुमार म्हणजे आमच्या गावात कापूस घेतो तो. हंगामाला अजून अवकाश, काटा मोकळा होता आणि तोही. मी भर पावसातून गेलो होतो. काट्यावर उभा राहिलो, त्यानं आकडा पाहिला, आणि हातात कापूस घेऊन दाबून पाहतात तसा माझा सदरा चिमटीत धरून दाबला. "मामा, ओलावा हाय. दोन किलो कटते." मी म्हणालो, माल कोरडा आहे, वरवरचा भिजला आहे. तो म्हणाला, सगळे असंच म्हंतेत. वर धोतर, सदरा, चपला मिळून बारदानाचा एक किलो. तेही कटते. उद्धवराव, तुम्हाला खरं सांगतो, आम्ही दोघंही कितीतरी वेळ भांडत होतो आणि आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नाही की काट्यावर मी आहे. मी हट्टानं ओलाव्यातला एक किलो परत मिळवला आणि जिंकल्यासारखा खाली उतरलो. मी निघालो तेव्हा शेठ मागून म्हणाला, "मामा, लईच उतरले तुमी. मामी असताना भारी माल होता." तो सहज बोलला. त्याचं तोंडच तसं आहे. मी म्हणालो, ऊन फार होतं यंदा.

ते कापून आलेलं वजन मी कुलदीपला कळवलं आणि त्या हिशेबानं हवा भरली. दुसऱ्या दिवशी पुलाच्या तोंडाशी दगडावर मागचं चाक असं आपटलं की लोखंडी कडेचा आवाज माझ्या कवटीत आला, आणि ट्यूबला साप चावल्यासारखी दोन भोकं पडली. तिथे पुलावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की ओलावा राजकुमारनं कापला आहे, टायरनं नाही. पाऊस मी अंगावर घेऊनच सायकलवर बसतो, आणि धोतरही काही घरी ठेवून निघत नाही. लखनला हे सांगितलं तर तो पान्याचा हात कपाळाला लावून इतका हसला की त्याच्या कपाळाला काळा टिळा लागला. हे मी कुलदीपला सांगितलेलं नाही. त्याचा फोन रविवारी असतो आणि रविवारी सगळं नीट असतं.

आता सगळं धरून पुढे अठ्ठावीस आणि मागे बत्तीस अशी ठेवली आहे. डांबरावर ठीक वाटते, मातीवर किंचित कमी असावी असं वाटतं, मुरमावर किंचित जास्त. अंगठ्यानं दाबून पाहिलं की बरी लागते, पण अंगठ्याचं काय, सकाळी त्याला एक वाटतं आणि संध्याकाळी दुसरं. लखन म्हणतो छत्तीस. कुलदीप म्हणतो बत्तीस बरोबर आहे. तुळजाबाई म्हणते सायकल विकून बकऱ्या घ्या. तेव्हा तुम्हीच एकदा सांगावं की सावरगावच्या वाटेला, माझ्या वजनाला (कापलेल्या नव्हे, खऱ्या), मागच्या चाकात किती पौंड ठेवू. तुम्ही जीप चालवायचे तेव्हा शिवारात शिरण्याआधी थोडी हवा सोडायचे आणि डांबरावर परत भरायचे, असं जयवंता कौतुकानं सांगायची. (तिचं तुमच्याबद्दल मत चांगलं होतं. माझ्याबद्दलही असेल, पण ते ती तुमच्याकडे सांगत असणार.) तुमचं उत्तर आलं की मी निघेन. उत्तर लवकर द्यावं, कारण पितृपक्ष लागल्यावर बोलावणं करायचं नाही असं ती म्हणायची, आणि का नाही हे मी कधी विचारून ठेवलं नाही.

गयाबाईंना नमस्कार. कमरेला जपावं. पोती उचलू नयेत.

आपला
फकिरा

ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी एक लिहायचं राहिलं. टायर बरोबर आहेत. मी गेल्या गुरुवारी सावरगावला येऊन गेलो. वाटेत काही एक झालं नाही, मातीही लागली नाही, बॅटरी अर्ध्याहून जास्त शिल्लक होती. तुमच्या फाटकापासून थोड्या अंतरावर, बाभळीखाली थांबलो. गयाबाई अंगणात वाळवण उचलत होत्या, माझ्याकडे पाठ होती. पदर कमरेला खोचून, एका हातानं गुडघा दाबत वाकायची ती पद्धत. दोघी बहिणी आहेत, सारख्या वाकणार, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण मला पुढे येता येईना. तेवढ्यात रस्त्यानं कोणी यायला लागलं, तेव्हा म्हातारा दुसऱ्याच्या अंगणात बघत उभा आहे असं दिसू नये म्हणून मी खाली बसलो आणि मागच्या चाकाची हवा सोडून दिली. मग तो माणूस थांबला, "काय झालं मामा, पंक्चर?" म्हणाला. मी म्हणालो, हो. भला माणूस होता. फाट्यापर्यंत सायकल तोच ढकलत घेऊन गेला, तिथे हवा भरून दिली, आणि पुढेही काही लागलं तर सांगा म्हणाला. त्याचं नाव विचारायचं राहिलं. तुमच्या गावचा असावा, त्याला माझा नमस्कार सांगा.

ता. क. २. आलोच होतो तर तांदूळ परत न्यायचे नाहीत म्हणून त्या माणसाला क्षणभर थांबायला सांगून तुमच्या फाटकाच्या उजव्या खांबावर ठेवले होते, वरच्या खळग्यात. फाटकाला उंबरा धरायला हरकत नसावी. तेव्हा बोलावणं दारापर्यंत रीतसर पोचलेलं आहे. कोंबड्यांनी खाल्ले असले तरी पोचलेलं आहे. गयाबाईंना एवढं सांगावं. तुम्हीही यावं, तुम्ही सवाष्ण नसला तरी एक पान जास्त वाढायला काही लागत नाही.

ता. क. ३. पुरण मला जमत नाही. गेल्या वर्षी शेजारून आणलं होतं, यंदा घरी करायचं म्हणतो. डाळ आणून ठेवली आहे. सवाष्णीला चुलीशी बसवायचं नसतं हे मला माहीत आहे, आणि मी तसं करणारही नाही. गयाबाईंनी नुसतं सकाळी जरा लवकर येऊन पाटावर बसावं आणि माझं चुकेल तिथे मोठ्यानं बोलावं. मीठ कमी पडलं, डाळ लागली, तुम्हाला काही येत नाही, काहीही. घरात दोन वर्षं मला कोणी बोललेलं नाही.